शिपाईकाकांच्या चपला

आमच्या वर्ध्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर धुळीने बिघडतो म्हणून चपला कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराबाहेर काढाव्या लागत. चित्रकला शिकणारी समुद्रपूरची एक मुलगी त्या चपलांसमोर उकिडवी बसे, मग आत जाऊन माउसने त्यांचं चित्र स्क्रीनवर ठिपका ठिपका भरत राही. परीक्षेलाही तिने शिपाईकाकांच्या चपलांचंच चित्र दिलं. "फुलं काढायची!" म्हणत सरांनी नापास केलं.

मी विद्यार्थी संघटनेतला, पेटलो. निषेधाचं पत्रक लिहून तिची सही मागायला गेलो. तिने ते शेवटपर्यंत वाचलं.

"सर चुकलेच, भाऊ. पण तुम्ही चित्र निर्दोष आहे असं काऊन लिवलं? टाच पाहा ना. काका दिवसभर चालतात, अन् मी टाच कोरी ठेवली."

सही केलीच नाही. फेरपरीक्षेला तिने पुन्हा चपलाच दिल्या, झिजलेल्या टाचेच्या. एवढा हट्ट आमच्या अख्ख्या संघटनेत नव्हता.