उखळावरचं लिनोलियम

आमच्या रत्नागिरीच्या घरात ओटीवर कोबा झाला, माजघरात शहाबादी फरशी आली, पण स्वयंपाकघराची पाळी काही येईना. तिथली जमीन मातीची ती मातीचीच. आई दर आठवड्याला ती शेणाने सारवायची आणि उठताना कमरेवर हात ठेवून, बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, की लोकांच्या गोठ्यातसुद्धा आता टाइल बसल्या. हे साफ खोटं होतं. पण बाबा कचेरीत कारकून होते, कुठे वाद घालू नये हे त्यांना कळत होतं.

मी कॉलेजात जायला लागले तेव्हा, म्हणजे ऐंशी सालानंतर लगेचच, बाबांनी मनावर घेतलं आणि मोझॅक टाइलचे दोन नमुने घरी आणले. एक हिरवट, एक पांढरा, त्यावर काळे-लाल ठिपके. मला पांढराच हवा होता. माझ्या मैत्रिणीकडे तसल्या टाइल होत्या आणि त्यांच्यावरून अनवाणी चालताना पायांना जो गारवा लागे, तो मला श्रीमंतीचा वाटे.

तेवढ्यात मुंबईहून काका आला. बाबांचा हा धाकटा भाऊ तिकडे एका ऑफिसात शिपाई होता आणि गावी आला की साहेबासारखा बोलायचा. टाइल बघून तो हसलाच. आता लिनोलियमचा जमाना आहे म्हणाला. साहेबांच्या केबिनमध्ये तेच आहे, हुबेहूब सागवानी लाकूड वाटतं. गुंडाळी आणायची, अंथरायची, कडेने पट्ट्या ठोकायच्या की संध्याकाळी स्वयंपाक सुरू. बाबांचं म्हणणं, मातीच्या जमिनीवर रबरी जाजम घातलं तर पावसाळ्यात खालून ओल येणारच. मुलीच्या दोन स्थळांविषयी बोलावं तसे दोघे भाऊ जेवताना त्यावर बोलत राहिले. आई टाइलच्या बाजूची, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं.

मग गवंडी जागा बघायला आला आणि उखळापाशी थांबला. आमचं उखळ स्वयंपाकघराच्या जमिनीतच पुरलेलं होतं. दगडी, खोलगट, तोंड जमिनीच्या पातळीला. पूर्वी त्यात भात कांडत, पोहे करत. गिरण आल्यापासून त्यावर नुसता पाट पालथा घातलेला असे आणि बाबा आठवड्यातून एकदा तरी त्याला ठेचकाळत. गवंड्याने सांगितलं, टाइलखाली भर घालावी लागेल, मग उखळ खड्ड्यात जाईल. त्यापेक्षा ते बुजवून टाकू. बाबा लगेच हो म्हणाले. गवंड्याने बाजूला केलेला पाट आईने पुन्हा उखळावर पालथा घातला, तेव्हा काहीतरी बिनसलं, एवढं मला कळलं.

संध्याकाळी विळीवर भाजी चिरता चिरता तिने मला सांगितलं. ती गुहागरला मामांकडे वाढलेली. लग्नाआधी घाणा भरतात, म्हणजे मुसळांना आंब्याची पानं बांधून सवाष्णी उखळात हळकुंडं कांडतात. मामांकडचं उखळ फुटलेलं होतं, म्हणून तिचा घाणा शेजारच्या घरी भरला. कांडण आटपेपर्यंत ती शेजारीण दारात उभी राहून आपल्या उखळाकडे बघत होती. एवढ्या वर्षांनी हे सांगताना आईचे कान लाल झाले.

"तुझा घाणा ह्या उखळात भरायचा हाय गो," ती म्हणाली. "मग काय त्या टाइली घाला."

मी तिला सांगितलं की मला लग्नच करायचं नाही. ती बरं म्हणाली आणि पुढची भेंडी घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने बाबांना लिनोलियम हवं म्हणून सांगितलं. बाबा बघतच राहिले. तिने कारण काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाबांनी माझ्या लग्नाची काळजी त्याच दिवसापासून घरभर सुरू केली असती. काकाला मात्र जन्मभर वाटत राहिलं, की वहिनीला आपली आवड पटली.

उखळावर फणसाची जाड फळी बसली आणि तिच्यावर सागवानी नक्षी अंथरली गेली. पहिल्याच जेवणानंतर आईने सवयीने उष्ट्या जागेवर शेणाचा गोळा फिरवला. काकाने डोक्याला हात लावला. पावसाळ्यात व्हायचं तेच झालं. कडा वळल्या, मध्ये फुगे आले, चुलीतला निखारा पडून भोक पडलं आणि आंबूस वास सुटला. फळीवर पाय पडला की पोकळ आवाज येई. सागवानाला यंदा मोहर कधी येणार, असं बाबा विचारत. एरवी एकाला दोन उत्तरं देणारी आई तेव्हा नुसती कडेला राख पसरायची. मला तिचा राग यायचा आणि कीवही यायची. माझ्या एका घाण्यासाठी ही बाई रोज तो वास सोसत होती, आणि मी आलेल्या प्रत्येक स्थळात खोट काढत होते.

शेवटी मंडणगडच्या एका मास्तरांत मला खोट सापडली नाही. लग्नाआधी आईने स्वतः लिनोलियम गुंडाळलं, फळी उचलली, उखळ काथ्याने घासलं आणि आत निखारे ठेवून सुकवलं. बायका जमल्या. पहिलं मुसळ आईने उचललं. तो दणका जमिनीतून माझ्या तळपायात आला. आईने एकदा दाराकडे बघितलं. दारात फक्त बाबा होते. "म्हणून होय," ते म्हणाले आणि डोळे पुसत ओटीवर गेले.

पहिल्या दिवाळीला माहेरी आले तेव्हा स्वयंपाकघरात पांढऱ्या टाइल होत्या, काळ्या-लाल ठिपक्यांच्या. उखळ कुठेच नव्हतं. ते नवऱ्याला दाखवायचं असं मी वाटेत दहादा बोलले होते. मी आईवर चिडले. मला विचारलंही नाही, म्हणाले.

"तुझं झालं ना?" ती म्हणाली. "आणखी किती वर्षं मी त्या जाजमाचा वास घेऊ?"

 मला रडू येत होतं. मी खाली बसून बोटाच्या पेराने टाइलमागून टाइल ठोकत गेले. कुठेच पोकळ लागेना. आई पाटावर बसून चिवड्यासाठी दुकानातले पोहे निवडत होती.

"तिथं नाय गो," ती म्हणाली. "मी बसलेय तिथं."

मग ती जराशी सरकली आणि सूप दोघींच्या मध्ये ठेवलं. उरलेले पोहे आम्ही तिथेच बसून निवडले.