आमचा ट्रक वाशीला कसा गेला

आमच्या घरात 'ट्रक' हा शब्द बरीच वर्षं कुणी तोंडातून काढत नसे. 'ट्रान्सपोर्ट' म्हणायचं. दादाचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची माणसं घर बघायला आली. त्यांनी विचारलं, वडील काय करतात? आईने पदर सावरत 'ट्रान्सपोर्टमध्ये आहेत' असं सांगितलं आणि लगबगीने पोह्यांच्या बशा पुढे केल्या. पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे टेबल, खुर्ची आणि बेल मारल्यावर येणारा चहा उभा राहिला असावा. आबा त्या वेळी साताऱ्याचा बटाटा भरून वाशीच्या मार्केटला निघालेले होते आणि खंबाटकीच्या घाटात गाडी गरम झाल्यामुळे रस्त्याकडेला दगडावर बसून तिच्या निवण्याची वाट बघत होते. पाहुणे जाईपर्यंत ते पोचले नाहीत, याचं आईला फारसं वाईट वाटलं नाही.

तोच ट्रक आता आमचा 'हेरिटेज' आहे. हा शब्द दादाने घरात आणला.

दादा महापेला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. पन्नाशी जवळ आली, डॉक्टरांनी साखर जरा जास्त आहे म्हणून सांगितलं, की त्याच्या ऑफिसातली माणसं काहीतरी धरतात. कुणी सायकल घेतो, कुणी पहाटे उठून पळतो, कुणी गच्चीत मेथी लावून तिचे फोटो पाठवतो. दादाने ट्रक धरला. आबांची गाडी वाशीजवळच्या पावणे गावात एका ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या आवारात, करंजीच्या झाडाखाली उभी होती. पुढे लांब नाक असलेला जुना ट्रक, लाकडी केबिन, मागे फळ्यांचा हौदा. भंगारवाले तिच्याभोवती घिरट्या घालायचे आणि आबा त्यांना शिव्या घालायचे. एवढाच त्या गाडीशी आमचा संबंध उरलेला होता. मग दादा जुन्या गाड्यांच्या कुठल्याशा मंडळात गेला आणि एका रविवारी येऊन म्हणाला, "आबा, आपल्याकडे खजिना आहे."

आबा म्हणाले, "मग इतकी वर्सं काय झोपला हुतास व्हय?"

मंडळाची माणसं दर रविवारी पावण्याला जमू लागली. येताना थर्मासमधून बिनदुधाची कॉफी आणत, गाडीभोवती हात मागे बांधून फिरत आणि 'वा' म्हणत. त्यातल्या एकानेही जन्मात ट्रकमध्ये बसून डबा खाल्लेला नव्हता. पण जुन्या ट्रकचा आत्मा कुठे असतो हे सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. त्यांनी बॉनेटवर हलकेच बोट फिरवलं आणि बजावलं, "हा गंज काढायचा नाही. हा गंज नाही, हे वय आहे. यावर आपण वॉर्निश मारू आणि तो जपू." आठवडाभर लोकांच्या दातांवरचं किटण खरवडणारा हा गृहस्थ रविवारी गंज जपायला निघाला होता.

"वय माझंबी झालंय," आबा म्हणाले. "मग मी काय आंघोळ करायची न्हाय व्हय?"

आबांच्या मनात वेगळंच होतं. गाडी रस्त्यावर काढायची तर तिला पोपटी रंग हवा, बंपरवर दोन्ही बाजूंना मोर हवेत, आरशांना काळे गोंडे हवेत आणि केबिनच्या कपाळावर लुकलुकणारे दिवे हवेत. त्यातलं काहीही त्या गाडीवर पूर्वी नव्हतं, कारण तेव्हा परवडत नव्हतं. म्हणजे दादाला गाडी होती त्याहून जुनी करायची होती आणि आबांना ती कधीच नव्हती तेवढी नवी करायची होती. मी मधे पडून नुसत्या काळ्या गोंड्यांवर तडजोड करवली. त्यापायी डॉक्टरसाहेब माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

इंजिन मात्र खरंच नीट झालं. गॅरेजवाल्याने ते सगळं खोललं, तळोज्याच्या भंगारबाजारातून सुटे भाग आणले, आणि दादाने प्रत्येक नटचा फोटो काढून जगाला दाखवला. ज्या दिवशी सेल्फ मारल्यावर ती गाडी खोकली, थांबली आणि मग धडधडून सुरू झाली, त्या दिवशी आबा तिच्या नाकावर पंजा ठेवून नुसते उभे राहिले. मग सदऱ्याच्या बाहीने तिचा दिवा पुसू लागले. मला फार आनंद झाला. दादाचा सगळा चक्रमपणा त्या क्षणी माफ करून टाकावा असं वाटलं. केला नाही, पण वाटलं.

दसऱ्यानंतरच्या शनिवार-रविवारी वाशीला एका मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. आमची गाडी तिथे न्यायची ठरली. दसऱ्याला आबांनी आवारातच गाडीची पूजा केली. झेंडूचे हार इतके घातले की डॉक्टरांचा जपलेला गंज कुठे दिसेना. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, पेढे वाटून झाले आणि मग आबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "शनवारी गाडी आपल्या चाकावर वाशीला जाईल. मार्केटवरनं. आन घरचा मानूस चालवंल."

हा त्यांच्या लायनीतला रिवाज होता. पूजेनंतरची पहिली फेरी घरच्या माणसाने मारायची, मग पुढे वर्षभर पगारी ड्रायव्हर बसला तरी चालतं. पूजा होऊन परक्याच्या हातात स्टेअरिंग दिलं की गाडी परकी झाली, असं ते मानत. पण आबांचा एक डोळा जवळजवळ गेलेला आहे आणि लायसन्सही कधीच संपलेलं आहे. हे दादाने त्यांना हळू आवाजात सांगितलं.

"मला ठावं न्हाय व्हय?" आबा म्हणाले. "मी कुठं म्हंतोय मी चालवतो. तुमी चालवा की कुनीतरी."

दादाने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं, आईने पेढ्यांच्या खोक्याकडे बघितलं.

ट्रकवाल्याचं घर, आणि त्यात ट्रक चालवता येणारं एकही माणूस नाही. याला जबाबदार दुसरं तिसरं कुणी नसून आबाच होते. दुसऱ्या घरांत मुलांना दारूपासून, पत्त्यांपासून लांब ठेवतात, आमच्या घरात स्टेअरिंगपासून ठेवत. गाडी दारात उभी राहिली की आम्ही हौद्यात चढावं, टायरवर उड्या माराव्यात, पण ड्रायव्हरच्या सीटवर बसायची प्राज्ञा नव्हती. दादा लहानपणी एकदा चोरून बसला आणि तोंडाने गाडीचा आवाज काढू लागला. आबांनी त्याला दंडाला धरून खाली उतरवलं आणि अशी कानाखाली दिली की पुन्हा त्याने कधी ते दार उघडलं नाही. "चाकाला हात लावलास तर हात मोडीन. पुस्तक घे," असं ते ओरडले होते. सुट्टीत साताऱ्याला जायचं तर आम्हाला एसटीने पाठवत, स्वतःच्या गाडीने नाही. ट्रकची चटक लागेल अशी त्यांना धास्ती होती. आम्हाला चटक लागली नाही. दादा इंजिनिअर झाला आणि त्याच्या मोटारीला क्लचसुद्धा नाही. मी बेलापूरला सरकारी ऑफिसात आहे आणि स्कूटीवरून जाते.

तरी दादाने प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी तो आवारात ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसला. वर्षभर त्याने त्या गाडीचे वरून, खालून, मावळतीच्या उन्हात फोटो काढले होते, आणि तिथे बसत मात्र होता तो त्या कानाखालीनंतर पहिल्यांदाच. आबा खाली उभे राहून सांगत होते, "क्लच दाब. पुरा दाब. आता गिअर टाक. आवाज ऐक तिचा, आवाज!" क्लच दाबायला दादाला सीटवरून अर्धं उठावं लागलं. गिअरने अशी किंकाळी मारली की शेजारच्या कारखान्यातली माणसं बाहेर आली. मग गाडीने एकच उडी घेतली, गॅरेजवाल्याचं पाण्याचं पिंप आडवं केलं आणि बंद पडली. डॉक्टरसाहेब डोक्याला हात लावून गंजाला काही झालं का ते बघायला धावले. दादा खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा लहानपणीसारखा झाला होता. आबा पिंप उभं करायला गेले.

त्या संध्याकाळी मंडळाने ठराव केला की गाडी ट्रेलरवरून न्यावी. "व्हिंटेज गाडी चालवायची नसते, न्यायची असते," असं डॉक्टर म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. रस्त्यावरची धूळ लागणार नाही, खड्डे लागणार नाहीत, गंज शाबूत राहील. बाहेरचा ड्रायव्हर आबांना चालत नव्हता, म्हणून दादानेही मान डोलावली.

आबांना हे मी सांगितलं, कारण दादाची हिंमत झाली नाही. ते भाकरी खात होते. घास तसाच ठेवून म्हणाले, "आमच्यात गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर जाती ती मेल्यावर. न्हायतर घाटात पडल्यावर." मार्केटातली माणसं काय म्हणतील, हे ते बोलले नाहीत, पण त्यांना खुपत होतं ते तेच. त्या मार्केटात त्यांची सगळी उमर गेली. डोळा गेला तेव्हा ते कुणाला न सांगताच तिथे जायचे बंद झाले होते, आणि आता एकदाच, सगळ्यांच्या देखत, चालत्या गाडीने त्या फाटकावरून जायचं होतं. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. कुणाचा राग, ते मात्र ठरेना. दादाचा म्हणावं तर तो बिचारा आबांनी सांगितलं तेच तर झाला होता.

शनिवारी सकाळी ट्रेलर आला. आबा पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा आणि टोपी घालून आमच्याही आधी पोचलेले होते. ते सरळ केबिनमध्ये चढले आणि आपल्या बाजूच्या दाराला आतून कडी घातली. दादाने खालून विनवलं, डॉक्टरांनी नियम सांगितले. आबा समोरच्या काचेतून रस्ता मोकळा व्हायची वाट बघत बसावं तसे बसून राहिले. शेवटी आई मला म्हणाली, "तू बस बाई त्यांच्याजवळ, उतरायचे नाहीत ते." म्हणून मी क्लीनरच्या बाजूने चढले. ट्रेलरवाल्याने एकदा वर बघितलं, "बैठने दो बाबूजी को," म्हणाला आणि दोर ओढायला घेतला. आमच्यासकट गाडी ट्रेलरवर चढली.

आणि आम्ही निघालो. पावण्याहून वाशीपर्यंत आबांनी गाडी चालवली. खालची चाकं साखळ्यांनी बांधलेली होती, इंजिन बंद होतं, पण वळण आलं की आबा स्टेअरिंग ओढत. सिग्नलला ब्रेक दाबत. पुलाच्या चढाला गिअर बदलत आणि उताराला पुन्हा बदलत. रिक्षावाला आडवा आला की त्याला वरून शिव्या देत. एका चौकात हवालदाराने आधी ट्रेलरवाल्याकडे बघितलं, मग वर आबांकडे बघितलं. लायसन्स मागायचं तर नेमकं कुणाकडे, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर पुरता उमटायच्या आत हिरवा दिवा लागला. आबांनी त्याला ऐटीत हात केला. मला हसू येत होतं, आणि हसू नये असंही वाटत होतं. मागून दादाची मोटार चारी दिवे लुकलुकवत आमच्या मागोमाग येत होती.

आबांनी खिडकीतून मान बाहेर काढून ट्रेलरवाल्याला मार्केटवरून घ्यायला सांगितलं आणि त्याने घेतलं. कांदा-बटाट्याच्या फाटकासमोर नेहमीसारख्या गाड्या अडकलेल्या होत्या. आम्ही थांबलो. दादाची मोटार पुढे येऊन अगदी आमच्या बाजूला उभी राहिली, आणि त्याने काच खाली केली. फाटकाशी माथाडी माणसं गोण्या उतरवत होती. त्यातला एक म्हातारा, आबांच्याच वयाचा, पाठीवर गोणी घेऊन निघाला होता. तो थांबला. वाकलेल्या मानेनेच त्याने आधी गाडीचं नाक बघितलं, मग आबांना.

"आबा!" तो ओरडला. "आवं, गाडी बिघडली का काय?"

आबांचे दोन्ही हात स्टेअरिंगवर होते. ज्या प्रश्नाच्या भीतीने ते इतके दिवस धुसफुसत होते, तो हाच. मला वाटलं, आता ते काहीतरी थाप मारतील.

"गाडीला काय धाड भरलीया!" आबा तेवढ्याच मोठ्याने म्हणाले. "पोरं शिकली माझी."

शेजारच्या मोटारीत दादाने काच वर केली.

म्हातारा हसला नाही. त्याने पाठीवरची गोणी जरा वर सरकवली, "माझीबी," म्हणाला, आणि तसाच वाकून फाटकातून आत गेला.