दहाव्या चौकटीतलं दीपगृह

बाबा सिंगापूरला आले ते विमानतळावरूनच नाराज होऊन. पासपोर्ट तपासणाऱ्या मुलीने शिक्का तिरका मारला, आणि तोही पहिलं पान कोरं असताना मधल्याच एका पानावर. बाबांची छत्तीस वर्षं तहसील कचेरीत गेली होती. अव्वल कारकून म्हणून ते निवृत्त झाले. बिशान भागातल्या आमच्या घरी पोचेपर्यंत टॅक्सीत ते त्या शिक्क्याबद्दलच बोलत होते. माझ्या नवऱ्याने खिडकीतून उंच इमारती दाखवायचा प्रयत्न केला. बाबांनी मान हलवली. पालकमंत्र्यांच्या भाषणातही ते तशीच हलवत असत.

आई जाऊन वर्ष झालं होतं. त्यांनी आता लांब मुदतीचा पास घेऊन आमच्याकडेच राहावं, असं मला वाटत होतं. त्याचा अर्ज माझ्या कंपनीमार्फत द्यायचा होता. मी तो भरला, छापला, फोटो चिकटवला आणि सहीसाठी त्यांच्या टेबलावर ठेवला. तीन आठवडे तो पाण्याच्या तांब्याखाली पडून होता. ते नाही म्हणत नव्हते, ‘बघू’ म्हणत होते. छत्तीस वर्षं लोकांना ‘बघू’ म्हणून परत पाठवणाऱ्या माणसाच्या ‘बघू’चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे. खरं कारण ते एकदाच बोलले, गवार मोडता मोडता.

“इथे मला काही काम नाही गं. सगळं आपलं आपणच चालतं.”

गवारसुद्धा मोडलेली मिळत होती, मी मुद्दाम अख्खी आणली होती.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही जपानला गेलो. ठरवायला उशीर झाल्यामुळे मोठ्या शहरांतली हॉटेलं भरली होती. नवऱ्याने मग समुद्रकाठचं एक छोटं शहर शोधून काढलं, ज्याला मार्गदर्शक पुस्तकात अर्धं पान होतं आणि त्यातला निम्मा भाग मासे कुठे खावेत याबद्दल होता. आमच्या मराठी वर्तुळात जपानला जाऊन तो प्रसिद्ध पर्वत न पाहणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता येणं. सिंगापुरात ईस्ट कोस्टला एका वाढदिवसाच्या जेवणात एका परिचितांनी विचारलं, तिथे बघायला काय आहे? मी म्हटलं, समुद्र. त्यांनी मागे वळून आमच्या पाठीमागच्या समुद्राकडे पाहिलं.

त्या शहराचं पर्यटन कार्यालय स्टेशनातच होतं, झेरॉक्सच्या दुकानाएवढं. तिथल्या बाईंनी दोन्ही हातांनी आम्हाला नकाशा दिला आणि आमच्या आठ वर्षांच्या मुलीला एक पुस्तिका. नकाशावर दहा प्रेक्षणीय स्थळं होती, पुस्तिकेत दहा रिकाम्या चौकटी. प्रत्येक ठिकाणी टेबलावर रबरी शिक्का ठेवलेला असतो. दहाही शिक्के मारून आणले की कार्यालयातून प्रमाणपत्र मिळतं. योजना अर्थातच मुलांसाठी होती.

कुठल्याही छोट्या गावात बघण्यासारख्या जागा तीनच असतात. बाकीच्या सात नगरपालिका शोधते. इथे किल्ला होता, तो जुना जळाल्यावर सिमेंटमध्ये पुन्हा बांधलेला, आत लिफ्ट असलेला. एका सरदाराचा पुतळा होता, ज्याने या गावात एक रात्र मुक्काम केला होता. कासवासारखा दिसणारा खडक होता. तो कासवासारखा दिसतो हे पाटीवर लिहिलं नसतं, तर तो खडकासारखाच दिसला असता. मासळीबाजार मात्र खरा होता, आणि टेकडीवरचं देऊळही. स्टेशनाबाहेर गरम पाण्याचा एक हौद होता, त्यात पाय सोडून बसायचं. हे स्थळ क्रमांक सहा. माझ्या मते पहिलं असायला हवं होतं.

किल्ल्यातून बाहेर पडताना मुलीने पहिला शिक्का मारला. तो चौकटीबाहेर गेला आणि वर फराटा उमटला. बाबांनी डोळे मिटून घेतले. पुतळ्यापाशी तिला कंटाळा आला, आणि पुस्तिकेचा ताबा रीतसर बाबांकडे गेला.

त्यानंतर आमची सहल कचेरीच्या शिस्तीत चालू झाली. बाबा आधी एका पाठकोऱ्या कागदावर एक शिक्का मारून शाई बघत. मग पुस्तिका सपाट ठेवून, शिक्का काटकोनात धरून, एकदाच दाबत. आणि मग खिशातलं निळं पेन काढून प्रत्येक शिक्क्यावर, पहिल्या फराट्यावरसुद्धा, अर्धी आत अर्धी बाहेर अशी सही करून खाली तारीख घालत. कासवाच्या शिक्क्यावर सही झाली तेव्हा मुलगी म्हणाली, “आजोबा, इट्स ओन्ली अ चॉप, लाह.”

सिंगापूरमध्ये शिक्क्याला चॉप म्हणतात.

“सहीशिवाय शिक्का म्हणजे नुसती शाई, बाळा,” बाबा म्हणाले. “कोणीही येऊन मारील.”

नवऱ्याने मला हळूच सुचवलं की, पुस्तिकेवर असं लिहिलेलं कदाचित चालणार नाही. तूच सांग त्यांना, असं मी म्हटल्यावर त्याने विषय बदलला. सासऱ्यांच्या सहीत जावयाने ढवळाढवळ करायची नसते.

देवळाला शंभराच्या वर पायऱ्या होत्या. बिशानला दुसऱ्या मजल्यासाठी लिफ्टची वाट बघणारे बाबा त्या चढून गेले, मध्ये दोनदा बसले आणि वर पोचल्यावर देवाआधी शिक्क्याचं टेबल कुठे आहे ते पाहून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नऊ चौकटी भरल्या. राहिलं दीपगृह.

तिकडे जाणारी बस तासाला एक. उतरलो तर वारा असा की बोलणं ऐकू येईना. दीपगृह ताडपत्रीत गुंडाळलेलं होतं. कुंपणावरच्या पाटीवर शिरस्त्राण घातलेला एक कामगार कमरेत वाकून माफी मागत होता. खाली आकडे होते. दुरुस्ती मार्चअखेरपर्यंत. शिक्क्याचं टेबल कुंपणाच्या आत, तेही ताडपत्रीखाली.

बाबा पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी पुस्तिका स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवली.

संध्याकाळी आम्ही पर्यटन कार्यालयात गेलो. बाईंनी पुस्तिका दोन्ही हातांनी घेतली, उघडली आणि थबकल्या. पान उलटलं, पुन्हा थबकल्या. मग माफी मागून आत गेल्या आणि बिनबाह्यांचा स्वेटर घातलेल्या एका वयस्कर साहेबांना घेऊन आल्या. त्यांनी मोबाईलवरच्या भाषांतरातून विचारलं की, प्रत्येक शिक्क्यावर हे काय लिहिलं आहे? मी ओशाळून उलट टाईप केलं : माझ्या वडिलांची सही. ते सरकारी कार्यालयात होते. त्यांनी प्रत्येक शिक्का तपासून साक्षांकित केला आहे.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. बाबांकडे पाहिलं. मग खण उघडून बोटाएवढी एक गोल मोहोर काढली आणि बाबांच्या प्रत्येक सहीशेजारी ती उमटवली. नऊ वेळा, न घाई करता, सरळ. बाबा टेबलावर ओणवून बघत होते. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी पाहिलं नव्हतं, किल्ल्यातही नाही, समुद्रावरही नाही.

दहावी चौकट रिकामी होती. साहेब वाकले आणि त्यांनी प्रमाणपत्र पुढे केलं. दुरुस्ती आमच्याकडून निघाली, त्यात तुमची चूक नाही, असं मोबाईल म्हणाला. मी सुटले असं मला वाटलं. बाबांनी ते प्रमाणपत्र हळूच त्यांच्याकडे परत सरकवलं.

“अपुऱ्या प्रकरणावर दाखला देता येत नाही. त्यांना म्हणावं, साहेब, उद्या कोणी तपासणीला आलं तर अडचणीत याल.”

मी ते जमेल तसं टाईप केलं. साहेबांनी वाचलं, आणि या वेळी जे वाकले ते पाटीवरच्या कामगाराहून खाली. प्रमाणपत्र त्यांनी पाकिटात घातलं, वर काहीतरी लिहिलं आणि पाकीट खणात ठेवून खण बंद केला. बाबांनी समजून मान डोलावली.

परतताना चांगी विमानतळावर बाबांनी पासपोर्ट उघडूनच दिला आणि शिक्का जिथे हवा तिथे बोट ठेवलं. अधिकाऱ्याने निमूटपणे तिथेच मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, माझी मुदत कधीपर्यंत आहे? मी म्हटलं, जानेवारीच्या मध्यापर्यंत. मग मार्चअखेरचं कसं जमणार, असं ते म्हणाले. मला गप्प बसता आलं असतं, पण मी म्हणाले की, जपानला तिकडून भारतातूनही जाता येतं.

“प्रकरण इथून निघालंय,” बाबा म्हणाले. “ते अर्धवट टाकून बदली घ्यायची नाही.”

ते उठले, तांब्या बाजूला केला, अर्जावर पडलेला पाण्याचा गोल रुमालाने टिपला आणि चष्मा लावून सही केली. खालच्या रेघेवर केली, आणि मग माझ्या लक्षात येईपर्यंत फोटोवरही. अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर, खाली तारीख. तिकडे फोटो असाच पक्का करतात. इकडे फोटोवर शाईचा ठिपका दिसला तरी अर्ज परत येतो.

मी ऑफिसला जाऊन अर्ज पुन्हा छापला, नवा फोटो लावला, आणि संध्याकाळी तो त्यांच्यापुढे ठेवून सांगितलं की, ही दुसरी प्रत. हिच्यावर फक्त खाली सही लागते.

“दोन प्रती मागतात?” बाबांनी विचारलं.

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी सही केली आणि पहिली प्रत कुठे लावणार ते विचारलं. मी म्हटलं, फाईल करायला हवी. ते म्हणाले, मग भोकं पाडायचा पंच कुठे आहे, आणि दोरा? घरात दोन्ही नव्हतं. आणायला ते स्वतःच खाली गेले.