न वाचता दिलेला होकार

अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या त्या हिवाळ्यात मी एका आरोग्य विमा कंपनीत सभासदांचे पत्ते बदलण्याचे काम करत असे. कंपनीचा अवाढव्य जुना संगणक दूर कुठेतरी होता. आमच्या टेबलांवर त्याची केवळ खिडकी होती, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे. पत्ता टाईप करायचा, एंटर दाबायचे, ‘बदल नोंदवायचा का?’ या प्रश्नाला ‘वाय’, म्हणजे ‘येस’चे अक्षर, दाबायचे, पुन्हा एंटर. मधेच तो दूरस्थ संगणक गुंतला की तळाच्या ओळीत फुली उमटे आणि कीबोर्डला कुलूप लागे. तेव्हा कळ दाबली तर कर्कश बीप उठे.

पुण्याच्या टायपिंग क्लासमध्ये सर आमच्या हातांवर फडके टाकत. नजर फक्त कागदावर. बोटांना तिथेच लय लागली होती, आणि ती बीप मला यतिभंगासारखी टोचे.

“अहो मॅडम, किती ते बीप बीप!” शेजारच्या क्यूबिकलमधला नागपूरकर सहकारी म्हणाला. “टाईप-अहेड ऑन करून टाका नं. लॉक असताना मारलेल्या कीज तो जमा करतो, लॉक उघडलं की सगळ्या पाठवून देतो.”

“आणि भलतंच काही गेलं तर?”

“तुमच्या हातून? काय बोलता यार!”

मी ते सेटिंग सुरू केले. बीप थांबली. नजर कागदावर ठेवून मी दिवसभर अखंड टाईप करत राहिले. कळांचा तो मऊ, सलग आवाज मला सुखावत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुपरवायझर बाईंनी मला हेडसेट दिला. पलीकडे एक वृद्ध स्त्री होती, औषधाच्या दुकानातून बोलणारी. तिच्या नवऱ्याचे इन्शुलिन संपले होते आणि दुकानदार म्हणत होता, यांचा विमा काल बंद झाला.

“आम्ही तर फक्त घर बदललं,” ती म्हणाली. “मुलीजवळ राहायला आलो.”

बाईंनी नोंद उघडली. बंद करणाऱ्या व्यक्तीच्या जागी माझा आयडी होता. त्या स्त्रीच्या नवऱ्याच्या निवृत्तीमुळे जुनी योजना बंद करण्याचा अर्ज प्रलंबित होता. नवी अजून मंजूर व्हायची होती. म्हणून संगणकाने पत्त्याचा नेहमीचा प्रश्न विचारण्याआधी वेगळाच प्रश्न विचारला होता: ‘योजना आजच बंद करायची का?’ कुलूप उघडताच माझा साठवलेला ‘वाय’ त्याला उत्तर म्हणून गेला होता. मी तो प्रश्न पाहिलाही नव्हता. एका अनोळखी माणसाचे औषध मी लयीत, मजेत तोडले होते.

“आत्ताच चालू करता येईल,” बाई म्हणाल्या. “तूच कर.”

मी आधी टाईप-अहेड बंद केले. मग सभासद क्रमांक, एंटर. फुली. कीबोर्ड कुलूपबंद. हेडसेटमध्ये त्या स्त्रीचा श्वास ऐकू येत होता, मागे कोणीतरी खोकत होते.

“तुम्ही आहात ना?” तिने विचारले.

“आहे. पडदा उघडायची वाट पाहतेय.”

दोन्ही हात मी मांडीवर ठेवले होते. बोटे कळांना शिवली नाहीत. फुली गेली. प्रश्न आला: ‘योजना पुन्हा सुरू करायची का?’ मी तो मोठ्याने वाचला. दुसऱ्यांदा वाचला. मग एका बोटाने ‘वाय’ दाबला.

पुन्हा फुली. पुन्हा वाट. मग ‘योजना चालू’ अशी ओळ आली आणि मी दुकानदाराला पुन्हा तपासायला सांगितले. पलीकडे, त्या दुकानात, औषधाचे लेबल छापणारा प्रिंटर खरखरला.

“निघालं,” ती कुणाला तरी म्हणाली. “अहो, निघालं.”