शांत ब्रेक

गॅरेजच्या मिस्त्रीला सगळे कानसेन म्हणत. गाडी दुरुस्त झाली की तो गिऱ्हाइकाला चालवायला लावी आणि स्वतः शेजारी डोळे मिटून बसे. काय कुरकुरतंय ते तो बसल्या जागी सांगे.

नर्सताईंची गाडी आठवड्यात दुसऱ्यांदा परत आली. पुढचे ब्रेकपॅड त्यानेच बदलले होते.

"काका, हळू ब्रेक दाबला की किंचाळते. वॉर्डातल्या मावशी म्हणतात, तुमच्या आधी तुमचा ब्रेक ड्यूटीवर येतो."

"नवे पॅड थोडी कुरबुर करणारच. चला, बघू."

दवाखान्याच्या भिंतीच्या कडेने चक्कर मारताना ताईंनी ब्रेक दाबला. "हा बघा."

"पुन्हा दाबा."

"आता तर केवढा वाजला."

फुटपाथवरच्या बाईने कानावर हात ठेवला. मिस्त्रीचे डोळे आज उघडे होते, म्हणून ते दिसलं. त्याला इंजिनाच्या घरघरीपलीकडे काही ऐकू आलं नव्हतं. "हं," तो म्हणाला.

गॅरेजमध्ये त्याने चाक उतरवलं. पॅडच्या पाठीला लागणारी, आवाज रोखणारी पत्र्याची पट्टी त्याने जुनीच ठेवली होती. ही त्याची नेहमीची रीत. जुनी पट्टी घासूनपुसून लावायची, चक्कर मारून ऐकायचं, वाजली तरच नवी घालायची. पूर्वी चार गाड्यांत एखादी वाजायचीच. गेल्या दोन वर्षांत एकही वाजली नव्हती. हात बसला आता, असं तो बायकोला सांगत आला होता.

त्याने नव्या पट्ट्या घातल्या, ग्रीस लावलं आणि स्टिअरिंगवर बसला.

"आज मी चालवतो. ऐकायचं काम तुमचं."

ताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "कानाचे डॉक्टर मंगळवारी असतात, काका."

"आधी गाडी."

त्याने तीन वेळा ब्रेक दाबला आणि तिन्ही वेळा विचारलं, "वाजला?" ताई तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. त्याने चौथ्यांदाही दाबला.

ताई गेल्यावर त्याने एका टॅक्सीवाल्याला फोन लावला. त्याचे पॅड गेल्याच महिन्यात बदलले होते.

"तुझे ब्रेक वाजतात का रे?"

"वाजतात की. पण म्हटलं, तुम्ही ऐकून दिलीय गाडी. मग आवाज असायचाच असेल."

मिस्त्री म्हणाला, "उद्या घेऊन ये. आणि येताना कुणाला तरी सोबत आण, ऐकायला."