दाविद मास्तरांचा लांबलेला उपवासकाळ

दाविद मास्तर पऱ्हाटीच्या कोळशानं चित्रं काढत. वेचणी संपलेल्या कपाशीची वाळकी काडी चुलीत अर्धवट जाळायची, पाणी शिंपडून विझवायची आणि त्या काळ्या टोकानं कागदावर ख्रिस्त उभा करायचा. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेल्या माणसाकडे पेन्सिलींचा तुटवडा नव्हता. "पेन्सिल दुकानात भेटते, बाई. हे आपल्या वावरातलं आहे," असं मला ऐकवत आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन मिशीवरून हात फिरवत.

आमची मोताळ्याची ख्रिस्ती मंडळी लहान. उपासनेला निम्मी बाकं रिकामीच असतात. पण व्हॉट्सअॅपवर तिचा ग्रुप आहे आणि मी शाळेत शिकवते म्हणून त्याची अॅडमिनगिरी माझ्या गळ्यात पडली. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला, की ईस्टरपर्यंत मास्तर रोज सकाळी चित्राचा फोटो आणि खाली चार ओळींचं चिंतन टाकत. त्यांच्या चित्रात प्रभूचा क्रूस वाहणाऱ्या शिमोनाच्या पाठीवर फवारणीचा पंप असे. खाली लिहिलेलं, "ज्याच्या पाठीवर आहे त्यालेच विचारा, किती जड आहे."

चर्चच्या पाळकांना तो पंप मुळीच पटला नाही. पुण्याच्या कुणा नातेवाइकानं तर भाषा शुद्ध करून पाठवा असं कळवलं. मास्तर म्हणाले, "येशूच्या शिष्याची, पेत्राची बोली ऐकूनच त्याले यरुशलेमवाल्यांनी गावंढळ म्हणून ओळखलं होतं. त्याले सांगा, पेत्रालेबी शुद्ध करून घे."

मास्तरीणबाई आधीच गेलेल्या. घरात मास्तर आणि एकुलता एक शमुवेल, आमचा शमू. तो एका कृषी केंद्रात कामाला होता. गोड बोलायचा, खरं बोलायचा, म्हणून लोक त्याच्याच शब्दावर बीटी कपाशीचं बियाणं नेत. "अळी लागतच नाही याले," असं तो सांगे, कारण त्यालाही तसंच सांगितलेलं होतं. मग गुलाबी बोंडअळी आली. हिरवीगार, टपोरी बोंडं फोडली की आत सडका काळा कापूस. लोक ती बोंडं घेऊन मास्तरांच्या ओसरीवर आले. कुणी शिवी दिली नाही. एका म्हाताऱ्यानं बोंड फोडून शमूच्या तळहातावर ठेवलं आणि तो तसाच निघून गेला.

त्यानंतर शमू जेवायला बसायचा आणि ताटावरून उठायचा. एका सकाळी तो मोटारसायकल दारातच ठेवून बाहेर पडला, तो आलाच नाही. फोन लावला तर वाजायचा, उचलायचा कुणी नाही. पोलिसांत नोंद केली. तिथे म्हणाले, फोन चालू आहे म्हणजे पोरगा ठीक आहे.

तेवढ्यात उपवासकाळ लागला. मास्तरांनी राखेच्या बुधवारचं चित्र टाकलं आणि कुणीकुणी पाहिलं ती नावं उघडून बसले. त्यात शमूचं नाव आलं. मास्तर चपला न घालता माझ्या घरी आले. "पाह्यलं बाई त्यानं. माह्या पोरानं पाह्यलं." त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते नाव मला पुन्हा वाचायला लावलं.

तेव्हापासून त्यांच्या चित्रांत पळून गेलेलेच लोक येऊ लागले. प्रभूला ओळखत नाही म्हणून बसलेला आणि कोंबडा आरवल्यावर रडणारा पेत्र. बापाचं घर सोडून डुकरांच्या शेंगा खाणारा धाकटा मुलगा. "धाकटा चुकला, पण घरी आला. घरच्यानं त्याले काही विचारलं नाही." हे चिंतन कुणासाठी आहे, ते सगळ्या मंडळीला कळत होतं. ईस्टर आला आणि गेला, तरी चित्रं थांबली नाहीत. पेरणी झाली, दिवाळी झाली, तरी आमच्या फोनवर रोज सकाळी क्रूस. पाळक म्हणाले, "मास्तर, ईस्टरला प्रभू उठला, कबर केव्हाच रिकामी झाली."

"तुमच्या कॅलेंडरात झाली असंन," मास्तर म्हणाले. "माह्या घरी अजून क्रूसाचा शुक्रवार अन् ईस्टरच्या मधला शनिवारच आहे."

नाताळ जवळ आला, तेव्हा मंडळीनं मला मास्तरांकडे धाडलं, की निदान तारा तरी काढा. त्याच दिवशी सकाळी त्यांनी लिहिलं होतं, "शमू, तू पाहतोस, देवाचे उपकार. आता एक शब्द टाक बापू." मी ओसरीवर बसून विषय कसा काढावा या विचारात होते, तोच एक दाढीवाला गृहस्थ दारात येऊन उभा राहिला. कपड्यांवर कापसाचे बारीक तंतू चिकटलेले.

"मास्तर, मी रोहिणखेडचा रसूल. गाद्या भरतो," तो म्हणाला. खिशातून फोन काढून त्यानं ओसरीवर ठेवला. तो शमूचा होता. "तुमचं पोरगं नाही पाहत. मी पाहतो."

रसूलभाई खाली बसले. "बाजारात हा फोन विकला त्यानं मले, सिमसकट. म्हणे, फोन आला तर उचलू नका. एका ग्रुपात रोज फोटो येईन, तेवढा उघडत जा. मी म्हटलं, काऊन? म्हणे, कोणी वाट पाहून राह्यलं. कसम घातली मले. पण आज तुम्ही शब्द मांगितला, अन् मी झूठा शब्द कसा देऊ?"

"थकलेला होता काय?" मास्तरांनी विचारलं.

"नाही मास्तर. लय शांत होता. त्याचंच भेव वाटलं मले."

मास्तरांनी फोन उचलला, पदरानं पुसावा तसा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत रसूलभाईंच्या हातात दिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे बाई, त्याले यायचंच नव्हतं." माझ्याच्यानं तिथं बसवेना. देवाचा मला इतका राग कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून चित्रं बंद झाली. पाळकांनी ग्रुपवर तारा टाकला, मंडळीनं सुटकेचा श्वास सोडला. मास्तर खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मी डबा नेई, तो संध्याकाळी तसाच परत आणी.

आणि मग एका सकाळी ग्रुपवर शमूच्या नावानं पहिल्यांदा शब्द उमटले. "मास्तर, फोटो काऊन नाही टाकून राह्यले?"

मंडळीला खरं काय ते ठाऊक नव्हतं. धडाधड हालेलुया सुरू झाले. कुणी स्तोत्र टाकलं, पाळकांनी येत्या रविवारी उपकारस्तुती ठेवली. मी फोन घेऊन धावत मास्तरांकडे गेले. ते खाटेवर उठून बसले होते, चष्मा लावून एकेक अक्षर शोधत लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी मला दाखवलं नाही, सरळ पाठवलं. माझ्या हातातल्या फोनवर ते आलं.

"जेवला काय रे बापू?"

मग शमूच्या नावासमोर उत्तर आलं, "हाव, जेवलो. तुम्ही जेवून घ्या."