घोट्याला काठी

"घोटा आत पडतोय तुझा." मॅडमनी काठीचं टोक माझ्या घोट्यावर टेकवलं आणि बाहेर ढकललं.

काठी खिडकीच्या वरच्या काचा उघडायची. टोकाला लोखंडी आकडा. बॅलेचा वर्ग. मी भिंतीलगतचा दांडा, म्हणजे बार, धरून पॉइंट शूजवर उभी होते, सगळं वजन अंगठ्यांवर. आरशातून सगळ्या मुली बघत होत्या.

मग मॅडम शेजारच्या रियाकडे गेल्या. गुडघे टेकून बसल्या. तिचा घोटा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "हं, आता ओढ स्वतःला वर. मी धरलंय."

मलाही त्या असंच धरायच्या. आधीच्या आठवड्यापर्यंत. पॉइंटवर नवीन असताना पाय थरथरतो, घोटा कुठे कलतोय ते आपलं आपल्याला कळत नाही. दुसऱ्याचा हात ते सांगतो.

आधीच्या आठवड्यात पप्पा मला न्यायला उचगावहून आले होते. आमचा चपलांचा धंदा. आम्ही चर्मकार. शाळेत मी हे कधी बोलले नाही. कुणी विचारलं तर "बिझनेस" म्हणायची. पप्पांना मॅडमचे आभार मानायचे होते. ज्याचा मान करायचा, त्याला आमच्या घरातून मापाची चप्पल जाते. पप्पा जिन्यापाशी खाली बसले, कागद पसरला, कानावरची पेन्सिल काढली.

"मॅडम, पाय टेकवा की जरा. मापाचंच करतो, कुठं चावायचं न्हाय."

मॅडमनी पाय ठेवला. पेन्सिल टाचेभोवती फिरली. पप्पांचं बोट त्यांच्या पायाला लागलं.

"हे तुमचं घरचंच काम का?"

"व्हय. आज्ज्यापास्नं."

पाय उचलला गेला. "राहू दे. नको." मॅडम थेट नळाकडे गेल्या. पाय धुतल्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता.

पप्पांनी अर्धा पाय काढलेला कागद घडी करून खिशात ठेवला. "घाईत हायत वाटतं," म्हणाले.

आणि पुढच्या वर्गात ही काठी.

मी बोलणारी मुलगी नाही. आडनाव पुटपुटत उरकायचं, हे मी पहिलीपासून शिकलेय. त्या दिवशीही गप्पच राहिले असते. पण मॅडम परत आल्या. आकडा पुन्हा घोट्यावर. आणि रियाला म्हणाल्या, "शूजच्या रिबिनी हिच्याकडून शिवून घ्या गं सगळ्यांनी. हिच्या घरचंच काम आहे."

रिया हसली. शूजची पिशवी तिनं पायानं माझ्याकडे सरकवली.

मी टाचा खाली टेकल्या. काठी धरली.

"हातानं दाखवा, मॅडम."

"काय?"

"सगळ्यांना हातानं दाखवता. मलाही हातानं दाखवा."

"ड्रामा नकोय मला इथे. सोड काठी."

"नाही."

मी मूठ आणखी आवळली. शेवटी त्यांनीच सोडली. "मग शिक तुझी तू."

काठी मी कोपऱ्यात ठेवली. पिशवी होती तिथेच राहिली. बारपाशी आले, वर चढले, बार सोडला. घोटा लगेच आत पडला. चूक माझी होतीच. चूक दाखवायला काठी लागत नाही. मी आपटले. गुडघा सोलला. कुणी हात दिला नाही. उठले. पुन्हा वर चढले.

घरी पप्पा चामडं कापायला बसले होते. समोर तो अर्ध्या पायाचा कागद.

"उरल्यालं अंदाजानं बसवतो. पाय बघितलाय की मी."

मी सगळं सांगितलं. नळ, काठी, रिबिनी. त्यांच्या हातातली रापी थांबली. ती बाजूला ठेवून म्हणाले, "गुरू हायत, बाळ."

"ही चप्पल करायची नाही, पप्पा."

त्यांनी पुन्हा रापी उचलली. मी कागद उचलला आणि फाडला.

शनिवारी वर्ग आहे. मी जाणार आहे. नेहमीसारखी दाराकडच्या टोकाला नाही, बारच्या मधोमध उभी राहीन. कुणी विचारलं तर पप्पांचा धंदा सांगेन, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आणि काठी पुन्हा माझ्या पायाकडे आली, तर या वेळी ती कोपऱ्यात ठेवणार नाही.

मोडेन.